खाऱ्या टाकीचा कंट्रोलर निवडताना

रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी चार फुटी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. त्यात मासे आहेत, थोडे मऊ प्रवाळ आहेत आणि तिन्ही मुलांचा जीव त्या टाकीत गुंतलेला आहे. पती दुबईला नोकरीत आहेत. येत्या सुट्टीत येताना ते टाकीसाठी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणणार आहेत. भगिनी विचारतात, "बाजारात कितीतरी प्रकार आहेत आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. सर्वांत चांगला कोणता? असा सांगा की मी लग्नाला चार दिवस माहेरी गेले तरी मागे काही होऊ नये."

मागे काहीच होणार नाही, अशी हमी कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. मात्र बिघाड लहान असतानाच थांबेल, एवढी सोय करता येते. त्यासाठी "सर्वांत चांगला कोणता" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा लागेल. त्याऐवजी दोन प्रश्न विचारू: आपल्या घरात, आपल्या हवेत आणि आपल्या विजेवर आधी काय बिघडेल? आणि खुद्द कंट्रोलरच बिघडला तर टाकीचे काय होईल? निवड या दोन उत्तरांवर करायची. फोनच्या पडद्यावर किती रंगीत आलेख दिसतात, हे त्यानंतर.

आधी कायद्याची गोष्ट

प्रवाळाला आपल्याकडे पोवळे म्हणतात, उर्दूत मरजान. नाव सुंदर आहे, पण भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. २००१पासून हे संरक्षण आहे. म्हणजे मालवणच्या किंवा इतर कुठल्याही किनाऱ्यावरून असा तुकडा काढणे, विकत घेणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातून येताना पिशवीत जिवंत प्रवाळ आणण्याचा विचारही करू नये. कठीण प्रवाळांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानेही बांधलेला आहे आणि परवान्याशिवाय तो माल सीमा ओलांडू शकत नाही. टाकीत कायद्याने मनाई नसलेलेच जीव असावेत, तेही खात्रीच्या दुकानातून, पावती घेऊन. क्लाउनफिशसारखे मासे आता आपल्या देशात टाकीतच पैदास केलेले मिळतात. मासे निवडताना अशांना पसंती द्यावी.

कंट्रोलर नेमके काय करतो

त्याची कामे चार आहेत. सेन्सरने मोजणे, मोजलेला आकडा ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहणे, त्याप्रमाणे एखादे सॉकेट चालू किंवा बंद करणे, आणि काही चुकले तर आपल्याला कळवणे. यापलीकडे त्याला काही समजत नाही. मासा कोपऱ्यात उभा आहे, प्रवाळ मिटून बसले आहे, पाण्याला वास येतो आहे, हे त्याला दिसत नाही. सेन्सर जो आकडा देईल तो त्याच्यासाठी खरा. सेन्सर पाण्याबाहेर पडला तर तो खोलीचे तापमान मोजेल आणि तेच पाण्याचे समजून हुकूम सोडेल.

आता टाकीत बिघडणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट: तापमान

अशा टाकीचे पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान स्थिर असावे लागते. समुद्रातही पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ पांढरे पडू लागतात. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. टाकी तर समुद्रापुढे थेंबभर. तिचे तापमान एका दुपारीतही बदलते.

थंड देशांतली पुस्तके हीटरवर पानेच्या पाने लिहितात. कोकणात आणि मुंबईत आपला प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात खोलीच तेहतीस-चौतीस अंशांवर असते, त्यात पंप आणि दिवे पाण्यात आणखी उष्णता सोडतात. पाण्यावर पंखा लावल्याने छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला गारवा येतो. किनारपट्टीच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होते, त्यामुळे पंख्याचा उपयोगही कमी. तिथे चिलर लागतोच. म्हणून आपला कंट्रोलर गरम आणि गार ही दोन्ही कामे करणारा हवा.

त्यात एक बारीक गोष्ट तपासा: कॉम्प्रेसर-विलंब. चिलर बंद पडून लगेच पुन्हा सुरू झाला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. वीज जाऊन-येऊन करते तेव्हा नेमके हेच घडते. चांगल्या यंत्रात तीन ते पाच मिनिटे थांबण्याची सोय असते. स्वस्तातल्या एसटीसी-१००० या छोट्या यंत्रातही ती आहे. त्यात २६ अंश आणि फरक १ अंश ठेवला, तर २७ला चिलर सुरू होऊन २६ला थांबतो आणि २५ला हीटर सुरू होऊन २६ला थांबतो. दोघांची आपसात झुंज लागत नाही.

आता हीटर अडकण्याचा हिशेब करू. सॉकेट चालू-बंद करणाऱ्या रिलेचे संपर्क-बिंदू कधी कधी ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटतात. मग कंट्रोलर "बंद" म्हणत राहतो आणि वीज वाहतच राहते. दोनशे लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ८३७ किलोज्यूल उष्णता लागते. तीनशे वॅटचा हीटर ती सुमारे ४७ मिनिटांत देतो. रात्री दहाला रिले चिकटला तर फजरपर्यंत, हवेत निघून जाणारी उष्णता वजा करूनही, सारे संपलेले असू शकते. शंभर वॅटच्या हीटरला त्याच एका अंशासाठी २ तास २० मिनिटे लागतात, आणि पाणी जसे तापते तशी हवेत जाणारी उष्णताही वाढत जाते. आपल्याकडच्या थंडीत बहुतेक घरांना छोटा हीटर पुरतो. तोही स्वतःचा थर्मोस्टॅट असलेला घ्यावा आणि त्या थर्मोस्टॅटची खूण कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा जरा वर ठेवावी. एक पहारेकरी झोपला तरी दुसरा जागा राहतो. महागड्या कंट्रोलरपेक्षा छोटा हीटर अधिक संरक्षण देतो, ते असे.

दुसरी गोष्ट: पाण्याची पातळी

उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. दोनशे लिटरच्या टाकीतून चार लिटर पाणी उडाले की दर हजारी ३५ असलेला क्षार ३५.७ होतो. म्हणून रोज गोडे, शुद्ध पाणी घालावे लागते. हे काम आपोआप करणाऱ्या यंत्रणेत एक सेन्सर, एक छोटा पंप आणि गोड्या पाण्याची बादली असते. सेन्सरवर शेवाळ चढले किंवा तरंगत्या स्विचला गोगलगाय अडकली, तर पंप थांबत नाही. वीस लिटरची बादली पूर्ण ओतली गेली तर क्षार ३५वरून ३१.८वर येतो. दहा लिटरची असेल तर ३३.३वरच थांबतो. म्हणजे बादलीचा आकार हासुद्धा एक कंट्रोलरच आहे, आणि तो कधी बिघडत नाही. यंत्र घेताना दोन गोष्टी विचारा. एक, पातळीसाठी दोन सेन्सर आहेत का? दोन, पंप जास्तीत जास्त किती मिनिटे चालेल, ही मर्यादा ठरवता येते का?

तिसरी गोष्ट: वीज

आपल्याकडे टाकीचा सर्वांत मोठा शत्रू बहुधा हाच. पाणी हलायचे थांबले की त्यात प्राणवायू मिसळायचे थांबते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे मे महिन्यातली वीजकपात ही जानेवारीतल्या कपातीपेक्षा धोक्याची. वीज नसताना कंट्रोलर स्वतःच बंद असतो, किंवा जागा असला तरी चालू करायला त्याच्याकडे काही नसते.

घरात इन्व्हर्टर असेल तर लाटा करणारा छोटा पंप, कंट्रोलर आणि इंटरनेटचा राउटर त्यावर घ्या. दहा-वीस वॅटचा पंप इन्व्हर्टरवर रात्रभर सहज चालतो. राउटर बंद असेल तर फोनवर इशारा येणारच नाही, हे लक्षात ठेवा. चिलर मात्र इन्व्हर्टरवर टाकू नका. इन्व्हर्टर साइन-वेव्ह प्रकारचा असावा, नाहीतर पंपांच्या मोटारी गुणगुणतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवा-पंप घ्या. तो स्वस्त आहे आणि त्याला कोणाच्या हुकमाची गरज नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ धडकले. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी कुठल्याही कंपनीचा कंट्रोलर कामाचा नाही. हाताने पाणी ढवळणारा माणूस आणि पुरेसे सेल, एवढेच उपयोगी पडते. पावसाळ्यापूर्वी घरात त्याची तयारी असू द्या.

चौथी गोष्ट: पीएच आणि औषधे सोडणारे पंप

दुकानदार पीएचचा आलेख हौसेने दाखवतात. निरोगी टाकीत पीएच रोज खाली-वर होतो. रात्रभर पाण्यात कर्बवायू साचतो, म्हणून फजरच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. दिवे लागले की प्रकाशसंश्लेषण सुरू होते आणि तो संध्याकाळपर्यंत चढतो. ७.८ ते ८.४ या पट्ट्यात हे झाले तर काळजी नको. बंद खोलीत एसी लावून दहा पाहुणे बसले, तरी हवेतला कर्बवायू वाढून तो घसरतो. एवढ्यावरून कंट्रोलरला रसायन सोडायला लावणे म्हणजे पाहुण्यांच्या श्वासासाठी माशांना औषध देणे होय.

शिवाय पीएचचा प्रोब कायमचा नसतो. तो महिन्या-दोन महिन्यांनी ७ आणि १० पीएचच्या द्रावणात तपासून जुळवावा लागतो आणि साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो. नेपच्यून कंपनीचे ट्रायडंट किंवा जीएचएलचे केएच डायरेक्टर यांसारखी यंत्रे क्षारता आपोआप मोजतात, पण त्यांना लागणारी रसायने पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागतात. खरेदीची किंमत एकदाची, हा खर्च कायमचा. ती रसायने आणि तो प्रोब आपल्या गावापर्यंत पोचतात का, हे आधी विचारा.

बाजारातले प्रकार

पहिला प्रकार फक्त तापमानाचा. एसटीसी-१००० हा सर्वांत स्वस्त, पण तो उघड्या स्क्रूंचा, पॅनेलमध्ये बसवायचा भाग आहे. तो वायरमनकडून बंद पेटीत बसवून घ्यावा. इंकबर्डचा आयटीसी-३०८ सॉकेटसह तयार मिळतो. दोन्ही प्रकार घेताना चिलरचा अँपिअर आकडा यंत्राच्या क्षमतेत बसतो ना, ते पाहा.

दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक कामाला वेगळे छोटे यंत्र. तापमानाचे वेगळे, पातळीचे वेगळे, औषध सोडणारा पंप वेगळा. हे सारे एका पडद्यावर दिसत नाही. फायदा असा की एक बिघडले तर बाकीची चालू राहतात.

तिसरा प्रकार पूर्ण कंट्रोलरचा: अमेरिकेतला नेपच्यून अॅपेक्स, जर्मनीतला जीएचएल प्रोफीलक्स, अमेरिकेतलाच हायड्रॉस. ही ताकदवान यंत्रे आहेत. अॅपेक्समध्ये मुख्य पेटीशी संपर्क तुटला तर प्रत्येक सॉकेटने चालू राहायचे की बंद व्हायचे, हे आधी ठरवून ठेवता येते. हायड्रॉसचे अनेक भाग एकमेकांना जोडून ठेवता येतात, म्हणजे एक पडला तरी बाकीचे सांभाळतात. पण सारा भार एका यंत्रणेवर येतो, आणि ती शिकायला वेळ द्यावा लागतो.

चौथा प्रकार रीफ-पाय. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी ही मुक्त प्रणाली आहे, आपण स्वतः जोडायची. घरात इंजिनिअरिंगचा मुलगा किंवा मुलगी असेल तर शिकायला फार उत्तम. फक्त तो भाईजान होस्टेलला गेल्यावर अम्मीला ती दुरुस्त करता येईल का, याचा विचार आधी करावा.

वायफायवर चालणारे साधे सॉकेटही काहीजण वापरतात. त्यात एकच तपासा. वीज जाऊन परत आली की ते चालू होते की बंद राहते? बंद राहणाऱ्या सॉकेटवर पंप लावला, तर पाच मिनिटांची वीजकपात टाकीसाठी चार दिवसांची होते.

खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

कंट्रोलरचा मेंदू बंद पडला तर पंप चालू राहतील ना? हीटर, पाणी भरणारा पंप आणि औषधाचा पंप बंद होतील ना? या दोन्हींना "हो" उत्तर नसेल तर ते यंत्र घेऊ नका. इंटरनेट नसताना यंत्र स्वतःचे काम करते का? नादुरुस्त झाले तर भारतात कुठे पाठवायचे?

दुबईतून आणताना खोक्यावरचा व्होल्टेज स्वतः वाचावा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुबईतला पुरवठाही तसाच, फक्त प्लगच्या पिना ब्रिटिश पद्धतीच्या चपट्या असतात. त्यासाठी स्वस्त कन्व्हर्टर लावून भागवू नका, खाऱ्या हवेत तो सैल सांधाच तापतो. वायरमनकडून योग्य प्लग बसवून घ्या. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनलेला १२० व्होल्टचा पॉवर बार मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी इथे लावायचा नाही.

या भगिनींसाठी माझे उत्तर असे. आधी टाकीच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग. मग चिलर आणि त्याला इंकबर्डसारखा दोन्ही बाजूंनी काम करणारा तापमान कंट्रोलर. मग दोन सेन्सरचे, वेळेची मर्यादा असलेले पाणी भरणारे यंत्र आणि दहा लिटरची बादली. मग बॅटरीचा हवा-पंप आणि एक जादा पंप कपाटात. एवढे झाल्यावर पैसे उरले आणि घरात शिकण्याची हौस असली, तर पूर्ण कंट्रोलर जरूर घ्यावा, कारण दूर असताना फोनवर येणाऱ्या इशाऱ्याची किंमत मोठी आहे. पण इशारा आल्यावर टाकीपर्यंत जाणारे कोणीतरी गावात हवे. शेजारच्या चाचींना टाकी दाखवून ठेवा, कोणता प्लग कशाचा हे चिठ्ठ्या चिकटवून लिहा, आणि खाणे रोजच्या पुड्या बांधून ठेवा. मागे सोडलेल्या माणसाच्या हातून जास्त खाणे पडले तर पाणी लवकर बिघडते.

मुलांच्या हाताला काम

खारे पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत, आणि घरात मुले आहेत. म्हणून सॉकेटची पट्टी टाकीच्या खाली किंवा मागे जमिनीवर नको, बाजूला आणि उंचावर हवी. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद, हा नियम मोठ्यांनीही पाळावा. मुले नियम ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात.

मोजण्याचे काम मात्र मुलांनाच द्या. एक वही करा: तारीख, कंट्रोलरवरचे तापमान, साध्या काचेच्या थर्मामीटरवरचे तापमान, रिफ्रॅक्टोमीटरवरचा क्षार, आणि एक ओळ माशांविषयी. दोन तापमानांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडू लागला तर सेन्सरकडे पाहायची वेळ झाली. शाळेत आम्ही मुलांना मोजमापातली चूक शिकवतो ती पुस्तकातून. ही वही तेच घरात शिकवते.

आणि महिन्यातून एकदा, सगळे घरी असताना, तालीम करा. मुख्य प्लग काढा आणि दहा मिनिटे पाहा. वरच्या टाकीतले पाणी खालच्या टाकीत उतरून बाहेर सांडते का? हवा-पंप आपोआप सुरू होतो का? फोनवर निरोप येतो का? प्लग परत लावल्यावर प्रत्येक पंप फिरतो का, चिलर थोडा थांबून सुरू होतो का? मग पाणी भरणाऱ्या यंत्राचा सेन्सर हाताने उचलून धरा आणि पंप किती वेळाने स्वतःहून थांबतो ते घड्याळ लावून मोजा. लग्नाला निघण्यापूर्वीचा एक आठवडा तर घरात राहूनच "माहेरी" जा, म्हणजे टाकीला कोणी हात लावायचा नाही, फक्त चाची येऊन पुडी टाकतील. त्या आठवड्यात जे बिघडेल ते दुरुस्त करा, आणि मग निश्चिंत मनाने बॅग भरा.